तीन तास धडधडलेलं हृदय

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा आणि आपल्या सेनगावचा नावापलीकडे काही संबंध नाही. ते जन्मले कोलकात्यात, १९१५ साली, आणि नावारूपाला आले मुंबईत. तरीही सेनगाव, हिंगोली, रिसोडच्या अभ्यासिकांमध्ये बसून नीटची नाहीतर स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने हे नाव एकदा वहीत लिहून ठेवावं.

कारण साधं आहे. भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण कोणी केलं, असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर पाठ असतं : डॉ. पी. वेणुगोपाल, एम्स, नवी दिल्ली, ३ ऑगस्ट १९९४. उत्तर बरोबर आहे, पण प्रश्नात यशस्वी हा शब्द असेल तरच. त्याच्याही सव्वीस वर्षं आधी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईतल्या परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका माणसाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवलं होतं. बसवलेलं हृदय सुरूही झालं. रुग्ण मात्र जेमतेम तीन तास जगला.

मग गाइडच्या पानावरून जे नाव गळून गेलं, ते आपण का शिकायचं? कारण आजची शस्त्रक्रिया कशी घडते, हे त्या तीन तासांइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं.

परळचं पालिकेचं हॉस्पिटल

सेन यांचं वैद्यकीय शिक्षण झालं केईएमला जोडून असलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात. जी. एस. म्हणून सगळे ओळखतात तेच. हे कॉलेज १९२६ च्या सुमारास सुरू झालं त्याचीही एक गोष्ट आहे. ज्या ट्रस्टने पैसा दिला, त्याची अट होती की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असले पाहिजेत. मोठ्या सरकारी हॉस्पिटलांतल्या वरच्या जागा तेव्हा इंग्रज डॉक्टरांकडे असायच्या. आपल्या माणसांनाही हे जमतं, हे दाखवून द्यायची ईर्षा त्या इमारतीच्या पायातच होती.

केईएम हे पालिकेचं हॉस्पिटल. आजूबाजूला गिरण्या आणि चाळी. पेशंट गरीब. आजही मराठवाड्यातून कुणाला मोठ्या उपचाराला मुंबईला न्यायचं ठरलं, की पहिल्यांदा तोंडात येणाऱ्या नावांत केईएम असतंच. म्हणजे सेन यांनी जे काही केलं, ते श्रीमंतांच्या नर्सिंग होममध्ये केलेलं नाही. पालिकेच्या तुटपुंज्या बजेटमध्ये, गर्दीने भरलेल्या वॉर्डांच्या शेजारी केलं.

चाळीसच्या दशकाच्या शेवटी शेवटी रॉकफेलर फाउंडेशनची शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेले. काळही नेमका होता आणि गावही. याच शहरात १९४८ च्या जूनमध्ये चार्ल्स बेली या सर्जनने धडधडत्या हृदयात बोट घालून आकसलेली झडप मोकळी केली होती. त्यांचे आधीचे चारही रुग्ण दगावले होते. पाचवी बाई वाचली. याच शहरात जॉन गिबन नावाचा दुसरा सर्जन वीस वर्षांपासून एका यंत्राच्या मागे लागला होता. हृदय थांबवून आत काम करायचं, तर तेवढा वेळ शरीरभर रक्त फिरवायचं कोणी? रक्त चार-पाच मिनिटं थांबलं तरी मेंदू कायमचा जायबंदी होतो. गिबन यांनी आधी मांजरांवर, मग कुत्र्यांवर प्रयोग करत हार्ट-लंग मशीन तयार केलं आणि १९५३ मध्ये ते माणसावर यशस्वी झालं.

सेन यांनी मुंबईला परतताना नवी ऑपरेशनं तर आणलीच, पण त्याहून मोठी वस्तू आणली ती म्हणजे प्रयोगशाळेची सवय. ऑपरेशन आधी प्रयोगशाळेत, मग टेबलावर.

आधी प्रयोगशाळा

तेव्हा भारतात हृदयाच्या झडपा खराब करणारा मोठा शत्रू होता ऱ्हुमॅटिक ताप. लहानपणी घसा धरतो, सांधे सुजतात, ताप येतो आणि जातो. घरचे विसरून जातात. पण हृदयाच्या झडपेवर त्याचे व्रण राहतात आणि ऐन विशी-पंचविशीत पोरं दम लागून खाटेला खिळतात. गरिबीशी आणि दाटीवाटीच्या घरांशी या आजाराचं जवळचं नातं. परळच्या वॉर्डात असे रुग्ण रोज यायचे. पन्नासच्या दशकात केईएममध्ये सेन यांच्या पथकाने अशा आकसलेल्या झडपा मोकळ्या करायला सुरुवात केली.

आता तुम्ही म्हणाल, पुस्तकात पद्धत लिहिलेली असेल तर पुस्तक वाचून करायचं ना! इथेच शस्त्रक्रियेची खरी गंमत आहे, आणि भीतीही. औषधाचा डोस कमी-जास्त करता येतो. गोळी बंद करता येते. सर्जनने कापलेली मुख्य रक्तवाहिनी मात्र तिथल्या तिथे, मोजक्या मिनिटांत जोडावी लागते. टाका कुठे घ्यायचा, दोरा कोणता, किती वेळ रक्त थांबवलं तर चालतं, शरीर किती थंड केलं तर हा वेळ वाढतो, अशा शेकडो बारीक प्रश्नांची उत्तरं माणसावर पहिल्यांदा शोधणं म्हणजे जुगार. म्हणून ती आधी प्राण्यांवर शोधली जातात. रक्तवाहिन्या एकमेकींना नीट जोडायची पद्धत फ्रान्समध्ये जन्मलेल्या अलेक्सी कॅरेल यांनी प्राण्यांवरच पक्की केली आणि १९१२ चं नोबेल मिळवलं. आज डायलिसिससाठी हातात फिस्टुला करतात किंवा बायपास करतात, तेव्हा मुळात त्याच टाक्यांची परंपरा वापरली जाते. आणि आपल्याकडे सुश्रुताने तर शिष्यांना आधी भोपळ्यावर, कातड्यावर, मेलेल्या जनावराच्या शिरांवर हात बसवायला सांगितलं होतं. विचार जुनाच आहे. फक्त आधुनिक काळात त्यात मोजमाप आलं.

केईएममध्ये सेन यांनी कुत्र्यांवरच्या शस्त्रक्रियांची प्रयोगशाळा उभी केली. दिवसा वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटर, आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा. त्यांच्याबरोबर डॉ. जी. बी. पारुळकर यांच्यासारखे तरुण सर्जन होते आणि डॉ. एस. जी. किनरे हे पॅथॉलॉजिस्टही होते. सर्जनच्या टोळीत पॅथॉलॉजिस्ट कशाला? कारण ऑपरेशन का फसलं हे सर्जनचा अभिमान सांगत नाही, सूक्ष्मदर्शकाखालची काच सांगते.

या जोडीदारीचा फायदा लगेच दिसला. केईएममध्ये काही तरुण रुग्ण असे येत होते की ज्यांची महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी शरीराची मुख्य रक्तवाहिनी, मधेच आकसलेली असायची. रक्तदाब प्रचंड, पण पायातली नाडी क्षीण. पाश्चात्त्य पुस्तकांत हे फारसं नव्हतं. सेन, किनरे आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण एकत्र अभ्यासून १९६३ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. आपल्या लोकांचा आजार आपणच नीट पाहायचा, हे त्यातलं महत्त्वाचं.

सापाच्या हृदयाचा धडा

सेन यांच्या प्रयोगांपैकी सगळ्यांत अचाट प्रयोग सापावरून सुचलेला. नागनाथाच्या जिल्ह्यातल्या आपल्याला तो विशेष लक्षात राहायला हरकत नाही.

माणसाच्या हृदयात चोवीस तास रक्त खेळत असतं, पण हृदयाचा स्नायू ते रक्त थेट पीत नाही. त्याला वेगळ्या कोरोनरी धमन्यांमधून रक्त मिळतं. या धमन्या तुंबल्या की हार्ट अटॅक. म्हणजे विहिरीच्या काठावर बसून तहानेने मरण्यासारखं. सापाचं तसं नसतं. त्याच्या हृदयाचा बराचसा स्नायू स्पंजसारखा असतो आणि आतल्या कप्प्यातलं रक्त त्या स्पंजच्या पोकळ्यांत थेट शिरतं.

सेन यांनी विचार केला, माणसाच्या हृदयालाही अशा वाटा करून दिल्या तर? त्यांच्या पथकाने कुत्र्यांच्या डाव्या जवनिकेच्या भिंतीत सुईने बारीक बारीक छिद्रं पाडली, कोरोनरी धमनी बांधली आणि छिद्रं असलेल्या व नसलेल्या हृदयांची तुलना केली. छिद्रांमुळे स्नायूचा बचाव होतो, असं त्यांना दिसलं. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या वक्षशल्यचिकित्सेच्या नामांकित नियतकालिकात हे काम छापून आलं. सहलेखकांत किनरे, पारुळकर यांच्याबरोबर एक तरुण सर्जन होते : डॉ. तेहेम्टन उडवाडिया.

पुढे अमेरिकेत सुईच्या जागी लेझर आला. बायपास शक्य नसलेल्या रुग्णांसाठी लेझरने अशी छिद्रं पाडायच्या पद्धतीला १९९८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने मान्यताही दिली. आणि मग आणखी अभ्यास झाले तेव्हा कळलं की ही छिद्रं बहुधा लवकरच बुजतात. छातीतलं दुखणं कमी होतं, पण आयुष्य वाढतं असं काही ठामपणे दिसलं नाही. म्हणजे कल्पना भन्नाट, प्रयोग प्रामाणिक, पण मूळचं स्पष्टीकरण टिकलं नाही. विज्ञानात असं होतं. त्यात कमीपणा नाही. छिद्रं बुजतात हे कळायलासुद्धा आधी कोणीतरी ती पाडून, मोजून, छापून ठेवावी लागतात.

तो फेब्रुवारी

अवयव बदलण्याच्या कल्पनेने तेव्हा जगभरचे सर्जन झपाटले होते. मॉस्कोत व्लादिमीर डेमिखोव्ह कुत्र्यांमध्ये जादा हृदय बसवत होते. अमेरिकेत स्टॅनफर्डला रिचर्ड लोअर आणि नॉर्मन शमवे यांनी १९६० मध्ये कुत्र्याचं हृदय बदलायची सुटसुटीत पद्धत दाखवली. जुन्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांची मागची भिंत तशीच ठेवायची आणि नवं हृदय तिला जोडायचं. टाके कमी, वेळ कमी. केईएमच्या प्रयोगशाळेतही साठच्या दशकात कुत्र्यांवर हृदय प्रत्यारोपणाचा सराव सुरू होता. १९६५ मध्ये याच रुग्णालयात मृत दात्याचं मूत्रपिंड बसवायचा प्रयत्नही झाला.

३ डिसेंबर १९६७ ला दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसावर पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं आणि जगभर खळबळ उडाली. तो रुग्ण अठरा दिवस जगला. तीन दिवसांतच न्यूयॉर्कमध्ये कॅन्ट्रोविट्झ यांनी प्रयत्न केला. जानेवारीत पुन्हा बर्नार्ड, मग शमवे, मग पुन्हा कॅन्ट्रोविट्झ. आणि सहावं प्रत्यारोपण, १६-१७ फेब्रुवारी १९६८ ला, मुंबईच्या पालिकेच्या हॉस्पिटलात. हे करणारे सेन जगातले चौथे सर्जन ठरले. ज्या देशाला त्या काळात गहूसुद्धा बाहेरून आणावा लागत होता, त्या देशातलं हे पथक. अडीच महिन्यांत हे काही आभाळातून पडलं नव्हतं. त्यामागे प्रयोगशाळेतली वर्षं होती.

हातांनी आपलं काम चोख केलं. टाके धरले. हृदय धडधडू लागलं. आणि तीन तासांत थकलं.

कुत्र्यांनी न शिकवलेलं

का थकलं, हे समजून घेण्यासारखं आहे. बाकीचं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांना रक्त पाठवते. निरोगी माणसात हे सोपं काम असतं, म्हणून उजवा कप्पा नाजूक असतो. पण ज्याचं हृदय बराच काळ निकामी होत आलंय, त्याच्या फुप्फुसांत रक्त तुंबून तुंबून तिथल्या वाहिन्या कडक होतात. त्यांच्यातून रक्त ढकलायला जास्त जोर लागतो. रुग्णाच्या स्वतःच्या हृदयाला या जोराची हळूहळू सवय झालेली असते. दात्याचं निरोगी हृदय मात्र मोकळ्या फुप्फुसांना सरावलेलं. त्याला अचानक हा डोंगर चढायला लावला की उजवी बाजू फुगते आणि हार मानते. सपाट रस्त्याला जुंपलेला बैल एकदम घाटात घातल्यासारखं. केईएमच्या त्या पहिल्या रुग्णात फुप्फुसांतला हा विरोधच जीवघेणा ठरला.

आता प्रयोगशाळा आठवा. अशा सरावात जनावर निरोगी असतं. फुप्फुसंही निरोगी. हृदय कसं काढायचं, कसं जोडायचं, कसं सुरू करायचं, हे त्यातून शिकता येतं. वर्षानुवर्षं आजारी असलेल्या माणसाची फुप्फुसं नव्या हृदयाशी कशी वागतील, हे निरोगी जनावराकडून शिकता येत नाही, कारण तो प्रश्न तिथे उभाच राहत नाही. प्रयोग तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. न विचारलेला प्रश्न तसाच दबा धरून बसतो.

आज हृदय प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालण्याआधी रुग्णाच्या हृदयात बारीक नळी सरकवून फुप्फुसांतला हा विरोध मोजतात. तो फार जास्त असेल आणि औषधांनीही उतरत नसेल, तर नुसतं हृदय बदलून भागत नाही. ही तपासणी आज नेहमीची झाली आहे, ती अशा रुग्णांच्या अनुभवातून.

सेन यांनी त्याच वर्षी दुसरा प्रयत्न केला. तोही रुग्ण काही तासांपलीकडे जगला नाही. मग केईएममधली हृदय प्रत्यारोपणं थांबली. एकट्या मुंबईतच असं झालं असं नाही. १९६८ या एका वर्षात जगात शंभरावर हृदयं बदलली गेली आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत, महिन्यांत दगावले. परकं हृदय शरीर नाकारतं, त्यावर तेव्हा पुरेसं औषध नव्हतं. बहुतेक केंद्रांनी हात आखडता घेतला. शमवे यांच्यासारखे मोजके लोक पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसले.

घाई झाली का?

हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आणि आपणही तो टाळू नये. नकाराची लढाई जिंकलेली नसताना माणसावर हात घालणं योग्य होतं का? मेंदू मेला पण हृदय चालू आहे, अशा माणसाला मृत म्हणायचं का, याचा कायदा भारतात तेव्हा नव्हताच. जगातसुद्धा मेंदूमृत्यूचे गाजलेले हार्वर्ड निकष आले ते ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे या ऑपरेशननंतर. आणि प्रयोगशाळेतल्या मुक्या जनावरांचं काय? त्यांनी तर कुठल्याच कागदावर सही केली नव्हती.

सेन यांच्या बाजूने एवढं नक्की म्हणता येईल की समोरच्या रुग्णाकडे दुसरा उपाय नव्हता आणि त्यांचं पथक पूर्वतयारीशिवाय उतरलं नव्हतं. दुसऱ्या बाजूने हेही खरं की जगभर त्या वर्षी सर्जनच्या हातांनी शरीरशास्त्राच्या पुढे धाव घेतली होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. म्हणून तर आज नवं ऑपरेशन करण्याआधी नैतिकता समितीची परवानगी, रुग्णाची समजून दिलेली संमती आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवर सरकारी समितीची देखरेख लागते. शक्य तिथे प्राणी न वापरता, नाहीच जमलं तर कमीत कमी आणि वेदना न देता, असा आजचा दंडक आहे.

सव्वीस वर्षांची दरी

१९६८ ते १९९४ या काळात तीन गोष्टी घडाव्या लागल्या. पहिली, औषध. नॉर्वेतल्या मातीत सापडलेल्या एका बुरशीतून सायक्लोस्पोरिन मिळालं. ते शरीराचा नकार दाबून ठेवतं, हेही आधी प्राण्यांमध्येच दिसलं. अमेरिकेत १९८३ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि जगभर प्रत्यारोपणं पुन्हा सुरू झाली. दुसरी, तपासणी. हृदयाचा इवलासा तुकडा काढून नकाराची चाहूल वेळेत घ्यायची पद्धत आली. तिसरी, कायदा. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये झाला आणि मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो ज्या राज्यांत सर्वांत आधी लागू झाला, त्यात महाराष्ट्र होता.

त्या दरम्यान सेन गेले, १९८२ मध्ये. पद्मभूषण मिळाला होता. पण भारतात धडधडत राहिलेलं बदललेलं हृदय पाहायला ते राहिले नाहीत.

त्यांच्या प्रयोगशाळेतून काय उरलं म्हणाल, तर माणसं उरली. सापाच्या हृदयाच्या निबंधातले उडवाडिया आठवा. त्यांनी १९७२ मध्ये जे. जे. रुग्णालयात पोटात दुर्बीण घालून निदान करायला सुरुवात केली आणि १९९० मध्ये भारतातलं पहिलं दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन केलं. आज हिंगोली-नांदेडला कुणी पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन करून चार छोट्या छिद्रांवर पट्ट्या लावून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येतं, त्या वाटेचं एक टोक परळच्या त्या प्रयोगशाळेत आहे.

२०२४ मध्ये हिंगोलीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आपल्या तालुक्यातली पोरं-पोरी आता घराजवळ डॉक्टर होतील. तिथे पोचायला नीटचे मार्क लागतील, ते मिळवाच. पण पोचल्यावर एखादा रुग्ण हातातून गेला, की दोन वाटा असतील. एक, केस पेपर मिटून पुढच्या खाटेकडे जायचं. दुसरी, का गेला हे लिहून ठेवायचं, शवविच्छेदन करणाऱ्याला जाऊन भेटायचं, आणि जो प्रश्न आधी विचारायचा राहून गेला तो शोधायचा. सेन यांचा पहिला रुग्ण तीन तास जगला. फुप्फुसांतला विरोध आधी मोजून घेण्याची शिस्त अशाच तासांनी शिकवली, आणि त्या शिस्तीवर आज लोक बदललेल्या हृदयासह वर्षानुवर्षं जगतात.